मदत हवी आहे: मासेमारीला नेण्यासाठी आणि मासे साफ करण्यासाठी दणकट चाकू

खाडीवाला
नमस्कार मंडळी. मढ-मार्वेच्या खडकांवरून गळ टाकतो, अधूनमधून मांडव्याकडून बोटीनेही जाणं होतं. मासे म्हणजे बोय, तांब, शिंगाळा आणि नशिबात असेल तर जिताडा. साधारण एक ते तीन किलोचे. एकच चाकू हवा, ज्याने दोरी कापता येईल, आमिषाचे तुकडे करता येतील आणि मासा तिथेच साफ करून बर्फात टाकता येईल. किचनमधल्या चाकूवर गंजाचे ठिपके आलेत. दुकानदाराने ५ मिमी जाड, पाठीला करवतीचे दाते असलेला 'सर्व्हायव्हल' चाकू दाखवला. तो घ्यावा का? पातं किती लांब असावं आणि स्टील कोणतं?

दर्याकाठ
तो घेऊ नका. ५ मिमीचं पातं मांसात पाचरीसारखं शिरतं. मासा कापला जात नाही, फाटतो. पाठीच्या दात्यांत खवले आणि रक्त अडकतं, ते धुऊन निघत नाही आणि दुसऱ्या दिवशी म्यानाला वास मारतो.

तुमच्या कामाला पातं १० ते १२ सेंमी लांब आणि २ ते २.५ मिमी जाड पुरे. याहून लांब पात्याचं टोक पोटात कुठवर गेलंय ते कळत नाही आणि पित्त फुटतं. टोक निमुळतं हवं. सुरमई-रावसाचे फिले (काटे नसलेले मांसाचे काप) काढायचे असतील तर त्याला १५ ते १८ सेंमीचं पातळ, लवणारं पातं लागतं. ते घरी ठेवा, खडकांवर नेलं तर टोक मोडेल.

मूठ हा खरा मुद्दा आहे. माशाचा बुळबुळीतपणा हाताला लागला की हात पुढे सरकतो आणि बोटं धारेवर जातात, म्हणून मुठीपुढे बोट अडवणारा उंचवटा हवाच. 'फुल टँग घ्या' हा सल्ला सगळीकडे मिळतो, पण पातं मुठीच्या टोकापर्यंत जाऊन दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या रिव्हेटने बसवलेल्या असतील तर मधल्या फटीत खारं पाणी मुरतं आणि गंज आतून धरतो. समुद्रावर पात्याभोवती थेट ओतलेली प्लास्टिक-रबराची मूठ जास्त टिकते. उदाहरण द्यायचं तर 'मोरा' या स्वीडिश कंपनीचा स्टेनलेस 'कम्पॅनियन' चाकू: सँडविक १२सी२७ स्टील, साधारण १० सेंमी पातं, २.५ मिमी जाडी. घेताना नीट बघा, हाच चाकू कार्बन स्टीलमध्येही येतो आणि दिसायला जवळपास सारखाच असतो.

निहाई
स्टीलबद्दल थोडं. नुसतं 'स्टेनलेस' लिहिलंय म्हणून समाधान मानू नका. १२सी२७ किंवा जर्मन १.४११६ यांत क्रोमियम १३ ते १५ टक्के असतं आणि कार्बन बेताचा, त्यामुळे गंजाला रोखायला क्रोमियम मोकळं राहतं. डी२ नावाच्या स्टीलमध्येही क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास आहे, पण कार्बन दीड टक्का. बरंचसं क्रोमियम कार्बाइडमध्ये (कार्बनशी जुळून झालेल्या कठीण कणांत) अडकतं, म्हणून खाऱ्या हवेत डी२ गंजतो. १०९५ सारखं साधं कार्बन स्टील धारेला फार छान, समुद्रावर मात्र लगेच तांबूस पडतं. एच१ नावाचं स्टील जवळजवळ गंजतच नाही, पण महाग. कडकपणा ५६ ते ५८ रॉकवेल (स्टीलचा कडकपणा मोजायचं माप) असला की घरच्या दगडावर धार सहज लागते.

ठिपके पडतात ते मिठामुळे. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं आणि क्लोराइड पात्यावरचा संरक्षक थर जागोजागी भेदतो. म्हणून घरी आल्यावर चाकू आणि म्यान दोन्ही गोड्या पाण्याने धुवा, पुसा आणि मुठीच्या सांध्यापाशी खोबरेल तेलाचं बोट फिरवा. चामड्याचं म्यान नको. प्लास्टिकचं घ्या, तळाला पाणी निघायला भोक असलेलं. पावसाळ्यात तर घरी चाकू म्यानात ठेवूच नका.

धार १००० ग्रिटच्या (मध्यम बारीक) दगडावर, प्रत्येक बाजूला सुमारे २० अंश. पातं २० मिमी रुंद असेल तर पाठ दगडापासून ७ मिमी उचला, झाला कोन. रस्त्यावरच्या कोरड्या चाकावर देऊ नका. धारेचा भाग तापून निळा पडला की त्याचं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला, मग ती धार टिकत नाही.

दर्याकाठ
साफ करण्याचा क्रमही सांगतो, कारण चाकू खराब होतो तो इथेच. मासा वर आला की कल्ल्यांखाली कापून रक्त काढा आणि बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. सुरमई, बांगडा यांना तर उशीर चालतच नाही. उन्हात राहिले तर त्यांत हिस्टामीन (अ‍ॅलर्जीसारखा त्रास देणारं द्रव्य) तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. खवले चाकूच्या पाठीने, शेपटीकडून डोक्याकडे. धारेने खरवडलं तर धार तिथेच संपली. मग मलद्वारापाशी टोक अर्धा सेंमीच आत घाला, धार वरच्या दिशेला ठेवा आणि गळ्यापर्यंत चीर न्या. आतडी काढल्यावर कण्याला चिकटलेली काळपट, रक्तासारखी पट्टी (माशाचं मूत्रपिंड) टोकाने फोडून धुवा. वास तिचाच असतो.

शिंगाळ्याचे तीन काटे, पाठीवरचा एक आणि बाजूच्या परांचे दोन, हात लावण्याआधी पक्कडीने मोडा. ते विषारी आणि दातेरी असतात. टोचलाच तर जखम धुऊन सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या वर नाही, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. काट्याचा तुकडा आत राहिला किंवा सूज चढत गेली तर थेट डॉक्टरकडे. जिताड्याच्या कल्ल्याचं झाकणही पात्यासारखं कापतं, तिथे बोट घालू नका.

खाडीवाला
खूप आभार दोघांचे. जिताड्याचं डोकं याच चाकूने निघेल का? आणि लोकल-मेट्रोने नेताना काही अडचण?

निहाई
तीन किलोपर्यंत निघेल, पण ठोकून नाही. डोक्यामागे कण्याचे दोन मणके जुळतात ती फट टोकाने चाचपा आणि तिथून कापा. हाडावर दगडाने ठोकलं की पातळ धारेला खाचा पडतात. मोठा मासा घरी नेऊन विळीवर किंवा कोयत्याने तोडा. ब्रेडेड (धाग्यांची विणलेली) दोरीसाठी एक छोटी कात्री वेगळी ठेवा. ती दोरी चाकूखाली निसटते आणि हात कापतो.

दर्याकाठ
मेट्रोत बॅग तपासतात, तिथे चाकू अडवतील, म्हणून मेट्रो टाळाच. आयुध नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, तुमचा त्याहून बराच लहान. तरी मुंबईत पोलिसांचे जमावबंदी-शस्त्रबंदीचे आदेश वेळोवेळी निघतात, त्यामुळे कमरेला लावून फिरू नका. म्यानात घालून, कापडात गुंडाळून गळाच्या पेटीत तळाशी ठेवा. सोबत गळ आणि आमिष असलं की विचारणाऱ्याला कारण सांगायला सोपं जातं.