मेक्सिकन सिनेमा 2000 साली जन्मला नाही

चौथी_रांग
काल इथेच एक पोस्ट वाचली: ‘मेक्सिकन सिनेमा म्हणजे क्वारोन, इन्यारितू, देल तोरो हे हल्लीचे दिग्दर्शक. त्याआधी नुसते घोडे, टोप्या आणि रडारड.’ रात्रभर डोक्यातून जाईना.

1936 साली ‘अया एन एल रांचो ग्रांदे’ हा मेक्सिकन चित्रपट आला. आपल्या प्रभातचा ‘संत तुकाराम’ त्याच वर्षीचा. 1937 ला तुकाराम व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गाजला आणि पुढच्याच वर्षी रांचो ग्रांदेच्या छायाचित्रणासाठी गाब्रिएल फिगेरोआला तिथे बक्षीस मिळालं. 1946 च्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार अनेक चित्रपटांना विभागून दिला. त्यांत चेतन आनंदांचा ‘नीचा नगर’ होता आणि एमिलिओ फर्नांदेसचा ‘मारिया कांदेलारिया’ही. आपण पहिल्याचं कौतुक अजून करतो, दुसऱ्याचं नावही घेत नाही. शेवटी मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्कोच्या कालव्यातून संथ जाणारी होडी, तिच्यात फुलांत निजवलेलं नायिका मारियाचं प्रेत. ही रडारड असेल, तर मी रडले आणि पुन्हा रडेन.

रोखठोक
ती पोस्ट माझी. एक शब्द मागे घेत नाही.

तुमचं हे मेक्सिकन सिनेमाचं ‘सुवर्णयुग’ दुसऱ्या महायुद्धाच्या कृपेने आलं. हॉलिवूड युद्धपटांत गुंतलं, अमेरिकेने कच्ची फिल्म मेक्सिकोला दिली, अर्जेंटिनाची अडवली. मैदान मोकळं मिळालं. आणि मारिया कोण? हॉलिवूड गाजवून आलेली, चाळिशीला टेकलेली दोलोरेस देल रिओ, अनवाणी आदिवासी पोर म्हणून. शहरी प्रेक्षकांसाठी सजवलेली गरिबी आहे ती. लुइस बुन्युएल या दिग्दर्शकाने 1950 मध्ये ‘लोस ओल्विदादोस’मधून राजधानीतली खरी पोरं दाखवली, तर मेक्सिकोतच चित्रपट काही दिवसांत उतरवला. 1951 ला कानमध्ये दिग्दर्शनाचं बक्षीस मिळालं, मग परत लागला. याला सुवर्णयुग म्हणायचं?

चौथी_रांग
पण तो चित्रपट टिपला कोणी? त्याच फिगेरोआने! त्यातला पोरगा पेद्रो कॅमेऱ्यावर अंडं फेकतो आणि बलक भिंगावरून ओघळतो, तो क्षण ढगाळ आभाळ टिपण्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या त्या छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्यातूनच आलाय. युद्धाचा मुद्दा मान्य, पण कच्ची फिल्म मिळाली म्हणून कोणी फिगेरोआ होत नाही.

जुना_ऑपरेटर
तुम्ही भांडताय ते उरलेल्या चित्रपटांवरून. 24 मार्च 1982 ला मेक्सिको सिटीतल्या सिनेतेका नासिओनालला, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला, आग लागली. हजारो प्रिंट्स गेल्या, माणसंही गेली. राष्ट्राध्यक्षांची बहीण तेव्हा चित्रपटखात्याची प्रमुख होती. पुण्यातही जानेवारी 2003 मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म (जुन्या, झटकन पेट घेणाऱ्या) जळाल्या, प्रभातच्याही. माझे वडील तालुक्याच्या गावी प्रोजेक्टर चालवायचे. थिएटर बंद पडलं तेव्हा मालकाने डबे भंगारवाल्याला दिले, फिल्ममधल्या चांदीसाठी. वडील दारात उभे राहून बघत होते. त्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत.

रोखठोक
वाईट वाटलं वाचून. पण नायट्रेट पाण्यातही जळतं. प्रत्येक आगीला सरकार जबाबदार कसं?

जुना_ऑपरेटर
पाण्यातही जळतं, म्हणूनच ते माणसांपासून लांब, थंड खोलीत ठेवायचं असतं! तिथे त्याच इमारतीत खेळ चालू होते. नोकरीत पहिल्या दिवशी वडिलांना शिकवलं होतं: डब्याजवळ विडी दिसली तर हात तोडीन. जे एका तंबूवाल्याला कळत होतं ते एवढ्या मोठ्या संस्थेला कळू नये? तुम्ही कधी नायट्रेटचा डबा उघडलाय का? नसेल तर मला शिकवू नका.

सायली_म
दोघंही जरा सबुरीने घ्या. धागा सिनेमाच्या इतिहासाचा होता ना?

जुना_ऑपरेटर
ताई, हाच इतिहास आहे.

रोखठोक
डबा उघडलेला नाही, कबूल. ‘नुसते घोडे आणि टोप्या’ हे शब्दही काढतो. पण दोलोरेसला आदिवासी पोर मानणार नाही.

चौथी_रांग
नका मानू. कालव्याचा तो शेवट मात्र आवाज बंद करून एकदा बघा. मग बोलू.