बाळाच्या सफरचंदात जायफळ: आमच्याकडे सध्या याच्यावरून महाभारत चाललंय

सानूचीआई
लेक परवा सात महिन्यांची झाली. उष्टावण दणक्यात झालं, मामाच्या मांडीवर बसून मॅडमनी खिरीचा पहिला घास मामाच्याच नव्या कुर्त्यावर परत केला. आता रोज सकाळी एक फळ देते. सफरचंद सोलून, बिया काढून, डब्यात घालून कुकरला एक शिट्टी आणि मग स्टीलच्या चाळणीतून चमच्याच्या पाठीने घासून काढायचं, कारण आमच्या मिक्सरच्या भांड्यांना कितीही धुतली तरी लसणाच्या चटणीचा वास येतो. साखर, मीठ, गूळ काही नाही. फक्त वेलचीचे तीन-चार दाणे कुटून चिमटीत येतील तेवढे. आता मुद्दा. सासूबाई म्हणतात वेलची कशाला, जायफळ उगाळून दोन वळसे घाल, पोर रात्री शांत झोपेल. डॉक्टर म्हणतात मसालेबिसाले वर्षापर्यंत काहीच नको. नवरा म्हणतो तुम्ही ठरवा आणि मला कळवा. माझं मत असं की चवीपुरती वेलची-दालचिनी चालायला हरकत नाही पण जायफळ नको. तुम्ही लोक काय करता?

आजीचा बटवा
अगं, जायफळाला एवढी काय घाबरतेस? आमच्या वेळी सव्वा महिन्यापासून गुटी असायची. मुरुडशेंग, वेखंड, हिरडा, सुंठ, हळकुंड, बदाम, खारीक आणि जायफळ, सगळं सहाणेवर आईच्या दुधात उगाळायचं. माझी दोन मुलं आणि तीन नातवंडं यावर वाढली, एक आता सहा फूट आहे. सासूबाई सांगतायत ते ऐक, त्यांचा नातवंडावर जीव आहे, डॉक्टरांना काय, दहा मिनिटांत पुढचा पेशंट.

सिस्टर_निवृत्त
काकू, राग मानू नका पण "आमची मुलं वाढली" हे आपण ज्यांची वाढली तेच सांगतो. मी तीस वर्षं बालरुग्ण वॉर्डात काढलीत. जायफळात मिरिस्टिसिन असतं, गुंगी त्यानेच येते. अख्खं जायफळ साधारण पाच ग्रॅम भरतं आणि तेवढी पूड पोटात गेली तर धडधाकट माणसालाही छातीत धडधड, तोंडाला कोरड, चक्कर, भलतंसलतं दिसणं असं सगळं होऊ शकतं. बाळ सात-आठ किलोचं. दोन वळसे तुमच्या हाताचे वेगळे, सुनेच्या हाताचे वेगळे, आणि ज्या दिवशी पोर फार रडतं त्या दिवशी दोनाचे पाच होतात हे मी स्वतः आयांच्या तोंडून ऐकलंय. बाळ झोपतं म्हणजे बरं होतं असं नाही, कधीकधी नुसतं सुस्त पडतं आणि दूधही ओढत नाही. शिवाय सातव्या महिन्यात रात्री दोनदा उठणं हा आजार नाहीये हो.

आणि गुटी मधातून देणाऱ्यांसाठी: वर्षाच्या आत मध अजिबात नाही. त्यात बोट्युलिझमच्या (अंग लुळं पाडणाऱ्या विषबाधेच्या) जंतूंचे बीजाणू असू शकतात, घरच्या उकळण्याने ते मरत नाहीत आणि बाळाच्या आतड्यात वाढू शकतात. सफरचंदाबरोबर मध शिजवला म्हणजे चालेल असं समजणारेही भेटलेत म्हणून लिहिलं.

आजीचा बटवा
मध मी पण नाही म्हणाले. आणि दोन वळसे म्हणजे सहाणेला नुसता डाग पडतो हो, तुम्ही पाच ग्रॅमचा हिशेब कुठून काढला! कोणी अख्खं जायफळ किसून घालतंय का?

सिस्टर_निवृत्त
नाही घालत, मान्य. पण डाग किती हे मोजता येत नाही हीच माझी अडचण आहे. पॅरासिटामॉल आपण वजनावरून मिलिलिटरमध्ये देतो ना, का बाटली वाकडी करून "एवढंस्सं" देतो?

रत्नांग्रीकर
आमच्या परसात माडा-पोफळीत जायफळ आणि दालचिनी दोन्ही आहे त्यामुळे मला बोलायचा हक्क आहे. जायफळाची फळं तडकली की आत ती लाल जायपत्री काय दिसते! आमची आई वरच्या टरफलाचं लोणचं घालते. पण घरात ढीगभर जायफळ असून पोराला मात्र तिने कधी दिलं नाही, तिचं म्हणणं जायफळ श्रीखंडात आणि पुरणात, पाळण्यात नाही.

दालचिनीबद्दल मात्र जास्त बोलायला हवं. बाजारात दालचिनी म्हणून जी जाड, एकाच पदराची, लाकडासारखी साल मिळते ती बहुतेक वेळा कॅशिया असते. खरी दालचिनी पातळ पापुद्र्यांची, विडीसारखी गुंडाळलेली, बोटांनी चुरडते. कॅशियात कूमरिन नावाचं द्रव्य असतं आणि ते जास्त झालं तर यकृताला त्रास देतं. युरोपात त्याची मर्यादा धरलीय दर किलो वजनाला रोज ०.१ मिलिग्रॅम. आठ किलोच्या पोराला झालं ०.८. एक ग्रॅम कॅशियात सरासरी तीन मिलिग्रॅमच्या आसपास कूमरिन, म्हणजे पाव ग्रॅम पूड रोज गेली की संपला कोटा. पाव ग्रॅम म्हणजे किती, तर दोन सढळ चिमट्या. आठवड्यातून एकदा घातली तर आकाश कोसळत नाही, पण "नैसर्गिक आहे, रोज घाला" हे चूक. खऱ्या दालचिनीत ते नावापुरतं असतं, आमच्याकडे दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण तेज जात लावतात, ती त्यातलीच.

जर्सीतली
मी इकडे अमेरिकेत राहते आणि मला दालचिनी म्हटलं की काटाच येतो. २०२३ च्या ऑक्टोबरात इथे सफरचंद-दालचिनी प्युरीचे पाऊच परत मागवले, आठवतंय का कोणाला? मुलांच्या नेहमीच्या रक्ततपासणीत शिसं वाढलेलं दिसलं, शोधत गेले तर पाऊचमध्ये शिसं, आणि ते आलं होतं इक्वाडोरमध्ये दळलेल्या दालचिनीतून. रंग आणि वजनासाठी लेड क्रोमेट (शिसं असलेला पिवळा रंग) मिसळलं असावं असा संशय. संशयित धरून पाचशेच्या वर मुलांची नोंद झाली. त्या आयांनी साखर नसलेलं, नुसतं फळ असलेलं म्हणून मुद्दाम ते निवडलं होतं हो! माझा मुलगा तेव्हा दहा महिन्यांचा, आमच्याकडे तो ब्रँड नव्हता तरी मी जाऊन त्याचं शिसं तपासून आणलं आणि रिपोर्ट येईपर्यंत चार रात्री झोपले नाही. तेव्हापासून सुटी पूड बंद. अख्खा मसाला आणा, घरी कुटा. साबूत सालीत अशी भेसळ लपवणं कठीण, पुडीत सोपं.

बाबा_नंबर_एक
एक वेगळाच प्रश्न. ही प्युरी-प्युरी काय लावलंय सगळ्यांनी? सहा महिन्यांनंतर बाळाच्या अंगातला लोहाचा साठा संपत येतो आणि सफरचंदात लोह जवळपास नाहीच. अर्धी वाटी सफरचंद पोटात गेलं की डाळीला, नाचणीला जागा उरत नाही. मसाल्यावर भांडण्यापेक्षा त्या वाटीत काय आहे ते बघा. आम्ही तर मऊ शिजवलेली बोटाएवढी नासपतीची फोड हातातच द्यायचो, स्वतः चोखून खायची. (घर पुसायचं काम माझं होतं. फरशी, भिंत, एकदा पंखा.)

मीनल नाशिक
बाबा, अर्धं पटलं. पण फळ आणि नाचणी हे भांडण नाहीच मुळी, मी नाचणीच्या सत्त्वात पपई कुस्करून घालायची, फळातल्या सी व्हिटॅमिनमुळे लोह अंगी लागायला मदतच होते. आणि फोड हातात द्यायची तर ती बोटात दाबली की चिरडली पाहिजे. कच्चं सफरचंद आणि अख्खी द्राक्षं नाही, घशात अडकतात.

मसाल्याबद्दल मी वेलचीवालीच्या बाजूने. आईच्या दुधातून चवी पोचतातच, तिकडे अमेरिकेत २००१ साली गाजराचा रस पिणाऱ्या आयांवर अभ्यास झाला होता, त्यांच्या बाळांनी नंतर गाजराची पेज कमी तोंडं वाकडी करून खाल्ली. मग आपण लसणाची फोडणी खातोय नि बाळाला मात्र दोन वर्षं बेचव द्यायचं, हे काय पटत नाही बुवा. फक्त नवीन फळ आणि नवीन मसाला एकाच दिवशी नको. अंगावर पुरळ आलं तर दोष कोणाला देणार?

सिस्टर_निवृत्त
हे चालेल. चव म्हणून घातलं की आपण चिमटीवर थांबतो, झोपेसाठी घातलं की झोप येईपर्यंत वाढवत राहतो. माझं भांडण तेवढ्याशीच आहे. वेलची असेल तर अगदी बारीक, दाणा राहता कामा नये.

आजीचा बटवा
तुम्ही सगळ्या मिळून जायफळाला वाळीत टाकलंत. ठीक आहे. पण सहाण फेकू नकोस हो सानूच्या आई, बदाम उगाळायला लागेल.

सानूचीआई
सहाण नाही फेकणार आजी, ती माझ्या सासूबाईंच्या सासूबाईंची आहे. आजचा वृत्तांत: डब्यातली दालचिनी बघितली, जाड लाकूड निघालं, म्हणजे कॅशियाच. पूड नाही केली, नासपती वाफवताना एक लहान तुकडा वर ठेवला आणि शिजल्यावर काढून टाकला. नुसता वास. सासूबाईंना रत्नांग्रीकरांच्या आईचं वाक्य वाचून दाखवलं, पाळण्यात नाही वालं, तर त्या म्हणाल्या कोकणातली माणसं चिकट, जायफळ विकायला ठेवत असतील. लेकीने तीन चमचे खाल्ले, चौथा सासूबाईंच्या पदराला पुसला. आणि रात्री दोन वाजता उठली, सव्वाचारला उठली. सकाळी चहा देताना सासूबाई काही म्हणाल्या नाहीत, फक्त जायफळाची डबी ओट्यावर पुढे आणून ठेवलेली होती.