मृगातल्या रेणूमेघाचं वजन: काटा गॅमाचा खरा की कार्बन मोनॉक्साइडचा?

कृष्णाकाठ, सांगली
माझं मत सरळ आहे: गॅमा किरणांचा काटा प्रमाण धरावा. मृग नक्षत्रातल्या या थंड वायूच्या मेघातला हायड्रोजन रेणू १०-२० केल्विनला काहीच उत्सर्जित करत नाही. म्हणून कार्बन मोनॉक्साइडची २.६ मिलिमीटरची रेडिओरेषा मोजून, हायड्रोजन काढायला ती ठरावीक गुणकाने गुणतात. पण मेघाच्या कडेला अतिनील किरण कार्बन मोनॉक्साइड फोडतात, हायड्रोजन मात्र स्वतःच्याच आडोशाने टिकतो. तेवढा माल काट्यावर येतच नाही. गॅमाला हा भेद नाही. वैश्विक किरणातला (अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांतला) प्रोटॉन हायड्रोजनवर आदळला की उदासीन पायॉन हा क्षणभंगुर कण, आणि त्याचे दोन गॅमा. हायड्रोजन अणू असो वा रेणू. एग्रेट या गॅमा-दुर्बिणीच्या नोंदींतून २००५ साली हा ‘अंधारा वायू’ असाच हाती लागला.

मिरजकर
काटा मान्य, पण वजनं कुणाची? गॅमाचा प्रवाह म्हणजे वस्तुमान गुणिले वैश्विक किरणांची घनता, भागिले अंतराचा वर्ग. मधली घनता तुम्ही पृथ्वीजवळची घेता. डब्ल्यू-२८ या ताऱ्याच्या स्फोटावशेषाशेजारच्या मेघांत ती कित्येक पट जास्त. तिथं हाच हिशेब लावला तर मेघ फुकटचा जाड होईल. एका कारखान्याचा काटा तपासायचा आणि दुसऱ्याकडच्या उसाची पावती खरी धरायची, असला प्रकार.

कृष्णाकाठ, सांगली
डब्ल्यू-२८ कशाला, विषय मृगाचा आहे. सुमारे १३०० प्रकाशवर्षं, म्हणजे शेजारच. फर्मी या गॅमा-दुर्बिणीला तिथं दिसलेला वर्णपट इथल्या वैश्विक किरणांशी जुळतो.

अजिंक्यतारा, सातारा
जुळतो, पण कुठल्या ऊर्जेला? पायॉन घडायला प्रोटॉनला निदान २८० एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) गतिज ऊर्जा लागते. पायॉन स्थिर असेल तर प्रत्येक गॅमाला ६७.५ एमईव्ही मिळतात, म्हणून त्याची खरी खूण २०० एमईव्हीच्या खाली. (डब्ल्यू-४४ आणि आयसी-४४३ या स्फोटावशेषांत ती २०१३ साली फर्मीने दाखवली.) नेमकी तिथंच इलेक्ट्रॉनांची ब्रेमस्ट्रालुंग (वायूत वेग कमी होताना ते फेकतात ते गॅमा) मिसळते. शिवाय १०० एमईव्हीला फर्मीची प्रतिमा इतकी पसरते, की मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा अख्खा बाण एका ठिपक्यात मावेल. मेघाचा आकार हवा तर १ जीईव्हीच्या (१००० एमईव्हीच्या) वर जा. फोटॉन कमी मिळतात, पण धूसरपणा अंशाच्या आत येतो.

आणि वजन एकट्या गॅमातून निघत नाहीच. २१ सेंटिमीटरच्या रेडिओरेषेतला अणुहायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड, व्यस्त कॉम्प्टन (इलेक्ट्रॉनांनी प्रकाशाला ऊर्जा देऊन घडलेले गॅमा), सगळ्या दिशांनी सारखी येणारी समदिक पार्श्वभूमी, सगळे नकाशे एकत्र बसवायचे. उरलेला गॅमा धुळीच्या नकाशाशी ताडायचा. जुळला तरच अंधारा वायू म्हणायचं. २१ सेंटिमीटरसाठी फिरकी-तापमान (ज्यावरून त्या रेषेतून अणुहायड्रोजन किती ते काढतात) चुकीचं धरलं, तर अणुहायड्रोजनची चूक ‘अंधारा वायू’ म्हणून खपते. हे फार होतं.

मिरजकर
म्हणजे माझंच म्हणणं आलं. एकाच मेघात इथं जास्त, तिथं कमी, एवढं गॅमाने सांगावं. टनांत आकडा मागू नये.

कृष्णाकाठ, सांगली
मग कार्बन मोनॉक्साइडचा गुणक कशावर तपासणार? तोही गॅमावरच तपासतात की!