गोड यीस्टचं पीठ फुगत नसेल तर

साखर दुप्पट घातल्यावर पीठ दोन तासांत हललंच नाही, यीस्ट खराब असेल का, असा प्रश्न आहे. यीस्ट बहुधा चांगलंच आहे. मैद्याच्या दहा-बारा टक्क्यांपुढे साखर गेली की ती पाणी ओढून घेते आणि यीस्ट मंदावतं.

माप असं धरा: मैदा ५०० ग्रॅम, साखर ८०, इन्स्टंट यीस्ट ८, मीठ ७, कोमट दूध २३० मिली, एक अंडं, मऊ बटर ७५ ग्रॅम. बटर खारं असेल तर मीठ ५ ग्रॅमच. अंडं नको असल्यास ४० ग्रॅम दही चालतं.

बटर सुरुवातीला अजिबात घालू नका, खरी मेख इथेच आहे. आधी दहा मिनिटं नुसतं मळा, मग बटर चमचा-चमचा घाला. मध्येच पीठ फाटल्यासारखं, ओशट आणि चिकट होतं. तिथे घाबरून मैदा लोटला की दुसऱ्या दिवशी बन दगड होतात. मळत राहा, पाचसात मिनिटांत ते परातीची कड सोडतं. छोटा गोळा ताणल्यावर न फाटता पातळ पापुद्रा होऊन आरपार उजेड दिसला की झालं.

दुप्पट फुगेपर्यंत ठेवा, घड्याळ बघू नका. मे महिन्यात तासभर पुरतो, थंडीत अडीच तासही लागतात. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं तर स्वाद फार सुंदर येतो, शिवाय दालचिनी रोल लाटणं सोपं जातं. याच पिठाचे क्रीम बन, वेणीचा पाव, तळून डोनटही होतात. बन १८० अंशांवर १८ ते २० मिनिटं. साखरेमुळे रंग लवकर चढतो, तेव्हा वरून फॉइल झाका.