'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'मधल्या काळाच्या उड्या तुम्हाला कशा उलगडल्या?

दुसऱ्या महायुद्धातल्या भावाबहिणीवरचा, इसाओ ताकाहाता यांचा १९८८ चा हा जपानी अॅनिमेशनपट ज्यांनी पाहिलाय त्यांच्यासाठी हा धागा. न पाहिलेल्यांनी इथेच थांबा, पुढे सगळी गोष्ट फुटणार आहे.

पहिल्याच वाक्यात सेइता सांगतो की २१ सप्टेंबर १९४५ च्या रात्री मी मेलो. कोबेतल्या सान्नोमिया स्टेशनवर खांबाला टेकलेला चौदा वर्षांचा मुलगा, आणि त्याच्याकडे बघत उभा असलेलाही तोच. मग आगगाडी, खिडकीबाहेर आग, आणि एकदम घर जागेवर, आई जिवंत. आमच्याकडे सगळे एकत्र बघत होतो. "हा गेला ना? मग हा कोण?" असं आईने विचारलं आणि सिनेमा थांबवून बोलणं सुरू झालं.

मला लाल उजेडाने वाट दाखवली. सेइता आणि त्याची धाकटी बहीण सेत्सुको तांबड्या उजेडात दिसले की ते मेल्यानंतरचे, नेहमीच्या रंगात दिसले की तेव्हाचे, जिवंत. तुम्ही कशाला धरून पुढे गेलात? जरूर लिहा.

*

माझ्यासाठी खूण म्हणजे गोळ्यांचा डबा. सफाई कामगार तो गंजका डबा बाहेर गवतात भिरकावतो, झाकण उडतं, आतून हाडांचे तुकडे पडतात. काजवे उठतात, सेत्सुको उभी राहते. सेइता डबा उचलतो तेव्हा तो पुन्हा नवा कोरा दिसतो. ती हाडं कुणाची, हे त्या क्षणी आपल्याला ठाऊक नसतं. पुढे डबा दिसला की त्यात गोळ्या आहेत का, नुसतं पाणी घालून हलवलेला गोडवा आहे का, एवढं बघा. आपण गोष्टीत कुठवर आलोय ते त्यावरून लगेच कळतं.

*

लाल उजेडाबद्दल पूर्ण सहमत. आईचे किमोनो तांदळासाठी द्यायचे ठरतात तो प्रसंग आठवा. सेत्सुको आकांत करते आणि मेलेला सेइता तिथेच कान झाकून बसलेला असतो. म्हणजे हे फ्लॅशबॅक 'आठवणं' नाहीच, त्याला ते पुन्हा सोसावं लागतंय. माझी आजी गेल्यावर घरातली भांडीकुंडी वाटली गेली, तेव्हा मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसले होते. तो प्रसंग मला समजावून घ्यावा लागला नाही.

*

पण सगळा भूतकाळ लाल नाही, हेही लक्षात घ्या. समुद्रावर आई छत्रीखाली बसून हाक मारते, ती जिवंत सेइताची साधी आठवण. मच्छरदाणीत काजवे सोडल्यावर दिव्यांनी उजळलेली लढाऊ जहाजं आणि नौदलातले वडील दिसतात, तीही तशीच. या उड्यांना रंगाची खूण नाही. त्या समोरच्या वस्तूवरून सुरू होतात: पाणी, काजवा. इथे गोंधळलेले बरेच जण मला भेटलेत.

*

मला तारखांनी मदत केली. ५ जून १९४५ ला कोबेवर हल्ला, त्यात आई भाजते आणि दगावते. मग निशिनोमियाला मावशीकडे, मग तळ्याकाठचा, हवाई हल्ल्यात लपायचा खंदक. १५ ऑगस्टला शरणागती, आणि सेइताला ती कळते बँकेत पैसे काढायला गेल्यावर! २२ ऑगस्टला सेत्सुको जाते, महिन्याभराने तो. सगळं मिळून साडेतीन महिने. पडद्यावर मात्र दोघं वर्षानुवर्षं त्या खंदकात राहिल्यासारखं वाटतं.

*

मला सगळ्यात जास्त थांबवलं ते सेत्सुको गेल्यानंतरच्या तुकड्याने. तळ्यापलीकडच्या बंगल्यात लोक परततात, ग्रामोफोनवर गाणं लागतं, आणि एकदम सेत्सुको जिवंत. खंदकापाशी एकटीच खेळतेय, पाण्यातल्या आपल्या प्रतिबिंबाशी दगड-कागद-कात्री खेळतेय, काहीतरी शिवतेय. हे कधीचं? नवऱ्याचं म्हणणं, सेइताच्या डोळ्यांपुढे ती येतेय. मला ते पटत नाही. त्या एकाही दृश्यात सेइता नाही. तो अन्न शोधायला, चोरी करायला बाहेर असायचा ना, त्या वेळचे ते दिवस आहेत. म्हणजे भावानेही न पाहिलेली बहीण आपल्याला दाखवलीय, तीही ती गेल्यावर. मी अंगणवाडीत काम करते. चार वर्षांची मुलं एकटी असताना अगदी अशीच खेळतात, कुणाशी तरी बोलत. ही उडी मुद्दाम उशिरा घेतलीय, आणि ती तिथेच हवी.

*

ओसाकाहून सान्नोमियाला जाताना वाटेत निशिनोमिया लागतं. मी नोकरीसाठी तिकडे राहत असताना तो प्रवास नेहमीचा होता. सान्नोमिया स्टेशनात आता नुसती दुकानं आणि गर्दी. शेवटच्या दृश्यात दोघं बाकावर बसून खाली आजचं, उंच इमारतींचं शहर बघतात, ते अनेकांना तुटक वाटतं. कोबे पाहिलेल्याला ते खटकणार नाही. डोंगर पाठीशी, खाली दिवे, पलीकडे समुद्र. त्या दोघांचा काळ १९४५ मध्ये अडकलाय आणि शहराचा पुढे गेलाय. दोन्ही एका चौकटीत ठेवलेत.

*

शेवट आधीच सांगून टाकला म्हणून पकड जाते, असं एका मित्राचं म्हणणं. अजिबात नाही! कीर्तनात अभिमन्यूचं आख्यान लागलं की तो परत येणार नाही हे मांडवातल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं, तरी कुणी उठून जात नाही. आणि ही मांडणी अकियुकी नोसाका यांच्या १९६७ च्या मूळ कथेतलीच आहे, तीही स्टेशनवरच्या मृत्यूनेच उघडते. त्यांची स्वतःची धाकटी बहीण १९४५ मध्ये उपासमारीने गेली होती. ते स्वतः वाचले, कथेतल्या भावाला मात्र त्यांनी वाचवलं नाही. मग आधी मृत्यू आणि नंतर गोष्ट, याशिवाय दुसरा क्रम त्यांना सुचला असता असं मला वाटत नाही.

*

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. एकटी खेळणारी सेत्सुको आणि न दिसणारा सेइता, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आज तो भाग परत बघणार. अजून कुणी गाडीतल्या दृश्याबद्दल लिहा ना. डब्यात बसलेली दोघं मेलेली आणि खिडकीबाहेर पडणारे बॉम्ब आधीचे, तिथे नेमका काळ कुठे बदलतो?