मदत हवी आहे: पीएचडीनंतर पोस्टडॉकसाठी (पुढच्या संशोधनाच्या कामासाठी) काय करावं?

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीने गेल्या महिन्यात मुंबईतच पीएचडीचा थिसिस सबमिट केला. विषय टी-पेशी, म्हणजे शरीराच्या रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या नेक्सकार१९ या कॅन्सरवरच्या कार-टी उपचाराला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, तेव्हापासून तिला अशा उपचारांवरच काम करायचंय. रुग्णाच्याच टी-पेशी काढायच्या, जनुकीय बदल करून परत सोडायच्या, की त्या कॅन्सरला हुडकतात! मला एवढंच कळतं.

पण एसआरएफचे (सीनियर रिसर्च फेलोशिपचे) महिना ४२,००० रुपये बंद झालेत, व्हायवाची (थिसिसच्या तोंडी परीक्षेची) तारीख नाही आणि डोंबिवलीचं घरभाडं काही थांबत नाही. एएनआरएफ या सरकारी संस्थेची नॅशनल पोस्टडॉक्टरल की जैववैद्यकीय संशोधनाला निधी देणाऱ्या इंडिया अलायन्सची फेलोशिप, आधी कुठे अर्ज करावा? ज्यांच्या लॅबमध्ये काम करायचं त्या मेंटॉरला थेट मेल करावा का? मधल्या काळात परळ-पवईकडे (टाटा मेमोरियल, आयआयटी) प्रोजेक्टवर तात्पुरतं काम मिळतं का? अनुभवी ताई-दादांनो, प्लीज सांगा.