मदत हवी आहे: एकेरी दोरावर प्रुसिक (दोराला वेढे घालून बांधलेली सरकती पकडगाठ) आवळून बसतोय

नागपूर, धरमपेठ. एका बंगल्यातलं ५०-५५ फुटांचं शिरीषाचं झाड पावसाळ्याआधी छाटायचंय. आजवर दुहेरी दोरावरच चढायचो. या वेळी एकेरी दोर वरच्या बेचक्यावरून टाकून बुंध्याला बांधला, हँड आणि फूट असेंडर (दोरावर फक्त वर सरकणाऱ्या हाता-पायाच्या पकडी) लावले. चढणं म्हणजे अगदी जिना!

गोची उतरताना झाली. प्रुसिकवर अख्खं वजन आलं आणि गाठ अशी आवळली की बोटांनी मळूनही सुटेना. नंतर पाहिलं तर गाठीची दोरी चकाकत होती, कडक झालेली. ती बाद केली. सहाचे चार वेढे केले, तर सरळ घसरतो. फिगर एटवर (उतरायची आठच्या आकाराची कडी) उतरता येतं, पण दर वेळी सगळं बदलावं लागतं. मला तर फांदीफांदीवर खाली-वर करत काम करायचंय.

दोर ११ मिमी, कमी ताणाचा. वजन ७८ किलो. कमरेला दुसरा आधारदोर असतोच. बुंध्याला बांधल्यावर बेचक्यावर जवळपास दुप्पट भार येतो, म्हणून आधी दोघं लटकून बघतो. गुलमोहरावर हा प्रयोग करणारच नाही.

गाठीच्या वर रोप रेंच (दोरावर घर्षण वाढवून गाठीवरचा भार हलका करणारं साधन) लावायचा विचार आहे. ११ मिमी दोरावर तो नीट चालतो का, आणि त्याच्यासोबत गाठ कोणती, किती मिमी दोरीची, किती वेढ्यांची घालता?